गोगँ बघताना आधी कपडे बघ

पॉल गोगँ या फ्रेंच चित्रकाराच्या ताहितीतल्या चित्रांवर लिहायला बसलास की लगेच ‘आदिम स्वर्ग’ म्हणू नकोस. तो १८९१ साली पॅसिफिकमधल्या ताहितीला उतरला तेव्हा बेट अकरा वर्षं फ्रेंच वसाहत होतं, मिशनरी तर कधीचेच मुरलेले. त्याच वर्षीचं समुद्रकाठच्या दोन बायकांचं त्याचं चित्र समोर घे. डावीकडची लाल पारेओत, म्हणजे तिथल्या अंगाभोवती गुंडाळायच्या कापडात. उजवीकडची गळ्यापासून पायापर्यंत गुलाबी झग्यात. तो झगा मिशनऱ्यांनी आणलेला! १८९२ च्या चित्रात त्याची ताहितीतली सोबतीण तेहामाना पालथी, नग्न, घाबरलेली; १८९३ च्या चित्रात तीच पट्ट्यापट्ट्यांच्या झग्यात. मग रोजचं ताहिती कुठलं आणि पॅरिसच्या गिऱ्हाइकासाठीचं कुठलं? रंग बेफाम आहेत, ते खुशाल लिही. पण तेहामानाचं वय गाळू नकोस. त्याच्याच लिखाणात ती तेराएक वर्षांची पोर आहे.