अमेरिकेत कायदे बदलले, तरी काळे लोक मागेच का? ‘संस्थात्मक वर्णभेद’ म्हणजे नक्की काय?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, “आज भेदभाव करणारा माणूस दाखवा, मग मानतो.” हे वाक्य मी पुण्यात वीस वर्षं ऐकतोय, फक्त वर्णाच्या जागी जात घालून. म्हणून लिहायला बसलो.

२०११ साली लग्न ठरलं आणि मी कोथरूडला वन बीएचके शोधत होतो. आयटीत नोकरी, डिपॉझिट तयार. एक फ्लॅट आवडला. तिसरा मजला, गॅलरीतून टेकडी दिसायची. मालकीणकाकूंनी चहा दिला, होणारी बायको काय करते विचारलं. निघताना काका म्हणाले, “ॲग्रीमेंटला पूर्ण नाव सांगा.” सांगितलं. “मूळचे कुठले?” गाव सांगितलं. “नाही, तसं नव्हे... असो.”

संध्याकाळी एजंटाचा फोन. सोसायटीत फक्त व्हेज फॅमिली चालते म्हणे. मी म्हटलं, घरात करणार नाही. (खोटं. सुकटीशिवाय माझा घास उतरत नाही.) एजंट म्हणाला, मालकांना विचारा. मालक म्हणाले, “आमची कसली हरकत? सेक्रेटरींशी बोला.” सेक्रेटरी म्हणाले, कमिटीचा ठराव आहे. ठराव मागितला, तर तो आधीच्या कमिटीचा आणि मिनिट बुक सापडत नाही! महिन्याभराने तिथे आमच्याच ऑफिसातला एकजण राहायला गेला. डब्यात दिवसाआड अंडाबुर्जी. आडनाव मात्र चालणारं.

आता यातला ‘माणूस’ तुम्हीच शोधा. कुणी वावगा शब्द बोललं नाही. संस्थात्मक भेदभाव म्हणजे हेच: दोषी असा एक माणूस दिसत नाही, पण नियम आणि व्यवस्था मिळून ठरावीक लोकांना बाहेर ठेवतात. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा त्यांना पारशी नाव सांगून पारशांच्या पथिकाश्रमात राहावं लागलं आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्यांनी हाकललं. मला निदान चहा मिळाला.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथे हे काम नकाशाने केलं. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. काळ्यांच्या बहुतेक वस्त्या लाल, म्हणजे कर्ज बुडण्याची जोखीम. सरकारी हमीचं स्वस्त कर्ज गोऱ्या उपनगरांत गेलं. १९६८ साली घर विकताना-भाड्याने देताना भेदभाव करायला बंदी आली, पण तोवर गोऱ्यांच्या एका पिढीची घरं घेऊन झाली होती. घराची किंमत वाढत गेली, ती मुलांना मिळाली. तिथे शाळांचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ताकरातून येतो, म्हणजे वस्ती गरीब तर शाळाही गरीब. पोलीस, तुरुंग हा वेगळा विषय, त्यात शिरत नाही.

माझा एक कॉलेजातला मित्र म्हणतो, “माझ्या वडिलांनी कष्टाने घर बांधलं, मला कोणी फुकट दिलं नाही.” बरोबर. माझ्या वडिलांनीही खडकीला फॅक्टरीत बत्तीस वर्षं कष्टच केले. पण त्याच्या वडिलांना नातेवाइकांच्या ओळखीने सोसायटीचं सभासदत्व मिळालं. आमचं ताडीवाला रोडला पत्र्याचं घर, त्यावर कुठली बँक कर्ज देणार? आज त्याच्या घराची रीडेव्हलपमेंट चाललीय आणि आरक्षणावर तो मला ‘मेरिट’ शिकवतो.

जात आणि वर्ण एक नाहीत, हे मान्य. तिथे कातडी बघतात, इथे आडनाव विचारावं लागतं. आणि सगळेच मालक तसे नसतात. पुढे आम्हाला सिंहगड रोडला घर देणाऱ्या देशपांडेकाकूंनी भाडं वेळेवर द्या, एवढंच सांगितलं होतं.

तुम्हाला खरंच माणूस बघायचा असेल, तर कुठल्याही एजंटाला दोन आडनावांनी दोन फोन लावा. माझा तो मित्र हल्ली सोसायटीचा सेक्रेटरी आहे. ‘फक्त शाकाहारी’ ही अट तुमच्या उपविधींत कुठल्या कलमात आहे, असं मी त्याला दिवाळीत विचारलं होतं. पाठवतो म्हणाला. मेसेजवर दोन निळ्या टिका दिसतायत.