वाचक विचारतात : नवविवाहित जोडप्यांसाठी जमाखर्चाचे ॲप

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. नुकतेच लग्न झालेल्या जोडप्यांसाठी पैशांच्या नियोजनाचे ॲप हा आमचा प्रकल्प आहे. एकमेकांचा प्रत्येक व्यवहार दोघांनाही दिसेल अशी रचना केली आहे. मार्गदर्शक म्हणतात, हाच दोष आहे. तो कसा?
(चौघे विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : मार्गदर्शकांचे बरोबर आहे. सगळे उघडे ठेवले की हिशेबाची झडती होते. बायकोने माहेरी धाकट्या भावाच्या फीसाठी तीन हजार पाठवले, नवऱ्याने मित्राची जुनी उसनवारी फेडली. दोन्हींत गैर काही नाही. पण रात्री जेवताना "हे कशाचे?" असे एकदा विचारले गेले की पुढच्या महिन्यापासून तो माणूस एटीएममधून रोख काढून खर्च करतो आणि नोंद करत नाही. मग ॲपमधली शिल्लक आणि घरातली शिल्लक यांचा मेळ बसत नाही, आणि ॲप बंद पडते.

तीन कप्पे करा : माझे, तुझे, आपले. कोणतीही नवी नोंद आधी 'माझे'मध्ये पडावी. ती 'आपले'मध्ये न्यायची की नाही, हे ज्याची नोंद त्याने ठरवावे. दुसऱ्याच्या कप्प्यातले एवढेच दिसावे, की या महिन्याचा ठरलेला वाटा आला की नाही.

हा वाटा कसा ठरवायचा, इथे बहुतेक ॲप निम्मे-निम्मे धरून मोकळी होतात. समजा, एकाचा पगार ३२,००० रुपये, दुसऱ्याचा १८,००० आणि भाडे, किराणा, वीज, गॅस मिळून खर्च २०,०००. निम्मे केले तर दोघांनी दहा-दहा हजार घालायचे. एकाच्या हाती २२,००० उरतात, दुसऱ्याच्या हाती ८,०००. पगाराच्या प्रमाणात केले तर १२,८०० आणि ७,२००. उरतात १९,२०० आणि १०,८००. दोन्ही पर्याय या आकड्यांसकट एकाच पडद्यावर दाखवा आणि जोडप्याला निवडू द्या. आमचे मत प्रमाणाच्या बाजूने आहे, कारण लग्नानंतर गाव बदलल्याने नोकरी सोडून कमी पगारावर नव्याने सुरुवात करावी लागते ती बहुतेक वेळा मुलीला. पगार बदलला की वाटा आपोआप बदलू नका. दोघांनी आपापल्या फोनवरून होकार दिल्यावरच बदला.

आपल्याकडे आणखी एक खाते हवेच : 'घरी द्यायचे'. जोडपे दोघांचे असले तरी पैसा सासू-सासरे, कधी धाकटा दीर यांच्याशी बांधलेला असतो. तो 'इतर खर्चा'त कोंबला की महिनाअखेर 'इतर' हाच सर्वांत मोठा आकडा दिसतो आणि त्यातून काही कळत नाही.

'मुख्य सदस्य' असा प्रकार ठेवू नका. दोघांचे पिन वेगळे, जोडणी दोघांनी आपापल्या फोनवरून करायची. लॉक केलेल्या पडद्यावर सूचनेत रक्कम दिसू नये. जोडणी तोडण्याचे बटण पहिल्याच सेटिंगमध्ये असावे, ते कोणालाही एकट्याने दाबता यावे, आणि 'आपले'मधल्या जुन्या नोंदींची प्रत दोघांकडेही राहावी. संमतीचा मजकूर मराठीत द्या. २०२३च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची मुभा देणे बंधनकारक आहे, आणि मराठी त्या यादीत आहे.

प्रश्न : हाताने नोंदी करायला लोक कंटाळतात. बँकेचे मेसेज वाचून आपोआप नोंद करता येईल का?
(एक ॲप डेव्हलपर, कराड)

उत्तर : अँड्रॉइडवर येईल, आयफोनवर नाही, तिथे ॲपला मेसेज वाचूच देत नाहीत. गुगल प्लेवरही मेसेज वाचण्याची परवानगी सरसकट मिळत नाही. खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या ॲपना अपवाद आहे, पण त्यासाठी घोषणापत्र भरून मंजुरी घ्यावी लागते. मेसेज फोनवरच वाचा, सर्व्हरला फक्त रक्कम आणि तारीख पाठवा. ओटीपीचे मेसेज पहिल्याच चाळणीत टाकून द्या.

चुका होतात त्या अशा. एकाच यूपीआय व्यवहाराचे दोन मेसेज येतात आणि खर्च दुप्पट दिसतो. १२ अंकी संदर्भ क्रमांक दोन्हींत असेल तर तो जुळवून एक नोंद गाळा. 'डेबिट होईल' आणि 'डेबिट झाले' यांत फरक करा. फसलेला व्यवहार परत जमा होतो, तो उत्पन्न म्हणून धरू नका. नवऱ्याने बायकोच्या खात्यावर पाठवलेले पैसे एकाचा खर्च आणि दुसऱ्याचे उत्पन्न म्हणून चढतात; तो फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा आहे. एटीएममधून काढलेली रोख आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांचेही तसेच.

रिझर्व्ह बँकेच्या २०१६च्या नियमांवर उभी असलेली आणि सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेली 'अकाउंट ॲग्रिगेटर' ही दुसरी वाट आहे. ग्राहकाच्या संमतीने बँकेतली माहिती थेट मिळते. मात्र ती मागणारी संस्था वित्तीय नियामकाकडे नोंदलेली असावी लागते, त्यामुळे एकट्या डेव्हलपरला ती वाट मोकळी नाही. शिवाय पतसंस्था, भिशी आणि बचत गट यांचे पैसे तिथून येत नाहीत. आपल्या भागात त्यांच्याशिवाय हिशेब पुरा होत नाही, म्हणून हाताची नोंद तीन टिचक्यांत होईल इतकी सोपी ठेवाच.

भिशीचे गणित नीट घाला. दहा जणांची दोन हजारांची भिशी तिसऱ्या महिन्यात लागली, तर हाती २०,००० येतात. त्यातले स्वतःचे भरलेले ६,०००, उरलेले १४,००० देणे. वीस हजार 'उत्पन्न' म्हणून चढवले की जोडपे त्या महिन्यात फ्रिज घेऊन बसते आणि पुढचे सात हप्ते कुठून भरायचे हे कळत नाही.

प्रश्न : आमच्या घरात महिन्याचा पगार नाही. ऊस, थोडी द्राक्षे आणि दूध. अशा जोडप्यांचा हिशेब ॲपमध्ये बसतो का?
(एक वाचक, तासगाव तालुका)

उत्तर : बसवता येतो, पण 'मासिक उत्पन्न' ही चौकट काढून वर्षाची घ्यावी लागते. दुधाचे बिल साधारण दर दहा दिवसांनी, द्राक्षांचे पैसे जानेवारी ते एप्रिलच्या हंगामात, उसाचे गाळपानंतर. कायद्याने एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेली उसाची किमान किंमत, चौदा दिवसांत द्यायची असते, पण अनेकदा ती हप्त्यांनी येते. म्हणून खात्यावर जमा होईपर्यंत ऊसबिल शिलकीत धरूच नये, 'येणे' म्हणून वेगळे दाखवावे.

सोसायटीचे पीककर्ज ऊसबिलातून परस्पर कापले जाते. बिल १,८०,०००, कपात १,१०,००० आणि खात्यावर ७०,००० आले, तर मेसेज फक्त सत्तर हजारांचा असतो. तेवढेच नोंदले की फिटलेले कर्ज ॲपमध्ये तसेच राहते. एकूण बिल आणि कपात अशा दोन ओळी हव्यात.

घरखर्चाला किती काढायचे, ते असे ठरवा : गेल्या वर्षीची कपातीआधीची एकूण बिले, वजा खते-औषधे-मजुरी, वजा कर्ज, भागिले बारा. बाग काढणीला आली असताना अवकाळी झाली तर वर्षाचा हिशेब कोलमडतो, म्हणून निघालेल्या रकमेच्या जेमतेम तीन चतुर्थांशावर घर चालवायचे आणि बाकीचे राखीव ठेवायचे, असे आम्ही सुचवू.

प्रश्न : लग्नातले दागिने आणि आहेराचे पैसे दोघांच्या एकूण संपत्तीत दाखवावेत का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : दागिने नकोत. मुलीला मिळालेले स्त्रीधन तिचे एकटीचे असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात हे स्पष्ट केले आहे. ते 'माझे'मध्ये, वजन आणि फोटोसह, तिच्याच पिनमागे. एकत्र बेरजेत सोने दिसले की घराच्या अनामत रकमेसाठी पहिली नजर त्यावर जाते. आहेराची रोख ज्याला मिळाली त्याच्या नावावर. 'आपले'मध्ये टाकायची तर ज्याची त्याने हाताने टाकावी.

प्रश्न : फोनची भाषा मराठी केली की आमच्या ॲपमध्ये बेरीज चुकते. इंग्रजीत बरोबर येते.
(एक विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : मराठी निवडली की संख्या देवनागरी अंकांत छापली जाते. '४५०' हा मजकूर तसाच डेटाबेसमध्ये गेला की सर्व्हरला तो आकडा वाटत नाही. साठवताना मजकूर नको, पूर्णांकात पैसे साठवा : ४९९ रुपये ५० पैसे म्हणजे ४९९५०. देवनागरी अंक आणि लाखाचे स्वल्पविराम फक्त दाखवताना लावा, आणि वापरणाऱ्याने दोन्हींपैकी कोणतेही अंक टंकले तरी स्वीकारा. दशांश अपूर्णांकात बेरीज करू नका.

वाटणीत एका माणसाचा वाटा काढा, दुसऱ्याचा वजाबाकीने. ४९९९९ पैशांचे ६४ टक्के ३१९९९ धरले, तर दुसरा १८०००. दोन्ही वाटे वेगवेगळे काढून खाली उतरवले तर दुसरा १७९९९ येतो, एक पैसा हरवतो आणि वर्षअखेर ताळा लागत नाही. चाचणी घेताना एक फोन मराठीत, दुसरा इंग्रजीत ठेवा, दोन्हींचे इंटरनेट बंद करून तोच किराणा दोन्हींवर नोंदवा आणि मग जोडा. ॲपने दोन्ही नोंदी समोर ठेवून "ही एकच खरेदी आहे का?" असे विचारले पाहिजे; स्वतःहून एक पुसून टाकली तर तिथे दुरुस्ती करा.