पाणी खाली गेल्यावरच भेग का पडते?

प्रश्न: मामांची जमीन धरणाच्या बॅकवॉटरला लागून उतारावर आहे. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की वरच्या बांधाजवळ भेग पडते, पावसाळ्यात बुजते. मामा म्हणतात पाणी लांब गेलं म्हणजे धोकाही लांब गेला. तिथे घर बांधायचंय, काय करू?

उत्तर: मामांचं लॉजिक कुणालाही पटेल, पण उतार नेमका उलटा वागतो. जलाशय भरलेला असताना पाणी पायथ्याला बाहेरून टेकू देतं आणि तेवढ्या महिन्यांत मातीत मुरतंही, मग धरणातून भराभर पाणी सोडलं की टेकू जातो पण चिकण मातीतलं पाणी काही तितक्या लवकर निघत नाही, म्हणजे माती जड, आतून पाण्याचा दाब आणि समोर आधार शून्य. पाणी सावकाश उतरलं तर त्रास कमी.

आधी भेग नीट बघा. काळी माती असेल तर उन्हाळ्यात शेतभर जाळीसारख्या भेगा पडणारच, त्याने उतार सरकत नाही (घराच्या पायाला ती माती त्रास देते, पण तो विषय वेगळा). एकच लांब भेग असेल, उताराला आडवी, चंद्रकोरीसारखी वाकलेली आणि खालची बाजू दोन बोटं खचलेली, तर मात्र प्रकरण सिरियस आहे. आणि बुजते म्हणता, ती खरंच मिटते की वरून गाळ भरतो?

इटलीतल्या वायोंत धरणाचं सांगतो. 1960 मध्ये जलाशयाच्या कडेला मोंते तोक डोंगरावर साधारण 2 किलोमीटरची भेग दिसली. इंजिनिअर मंडळी मोजत होती बरं का, पाणी चढवलं की डोंगर जोरात सरकायचा, उतरवलं की मंदावायचा, त्यामुळे त्यांना वाटलं लेव्हल वरखाली करून तो ताब्यात ठेवता येईल. सप्टेंबर 1963 मध्ये वेग वाढला म्हणून पाणी उतरवायला घेतलं, तरी वेग वाढतच गेला, शेवटी दिवसाला 20 सेंटीमीटरपर्यंत. 9 ऑक्टोबरच्या रात्री 26-27 कोटी घनमीटर डोंगर एकदम तलावात आला, लाट धरणावरून उडी मारून खालच्या लोंगारोने गावावर गेली, सुमारे 2000 माणसं गेली. धरणाची भिंत आजही उभी आहे! त्यामुळे धरण मजबूत आहे म्हणून आपण सेफ, हे कुणी सांगितलं तर ऐकू नका.

तुमचा उतार त्यापुढे चिमुकला, पण मोजायची रीत तीच. भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी गज खोल ठोका, दर रविवारी टेपने अंतर घ्या, वहीत तारीख, पाऊस आणि तलावाची पातळी लिहा. अंतर दर आठवड्याला आधीपेक्षा जास्त वाढायला लागलं तर उताराखाली कुणी राहू नका, तहसील ऑफिसला लेखी कळवा. बोअर घेऊन आतल्या पाण्याचा दाब तपासणं भूगर्भतज्ज्ञाचं काम, त्याला ती वही दाखवा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा वहीत येईपर्यंत घराचं खोदकाम नको, आणि तोवर उताराचा पायथा जेसीबीने कापून सपाट तर अजिबात करू नका.