घरातल्या राजकीय मतभेदांविषयी, तुला

प्रिय मित्रा,

तुझं पत्र नीट वाचलं. निवडणूक जवळ आली की घरी फोन करायचं जिवावर येतं, असं लिहिलंयस. बाबांशी बोलणं तब्येतीच्या चौकशीपलीकडे जात नाही, आणि गेलंच तर पाच मिनिटांत आवाज चढतात. मग आई मध्ये पडते, विषय बदलते, आणि फोन ठेवल्यावर दोन्हीकडे धुसफुस सुरू राहते. शेवटी विचारलंयस, 'यांना समजावायचं कसं?'

आधी त्या प्रश्नाबद्दलच बोलते. समजावायचं म्हणजे आपल्या बाजूला आणायचं, असंच तुझ्या मनात आहे ना? ते काम अंगावर घेऊ नकोस. माणसं साठीनंतर बदलत नाहीत असं मी म्हणणार नाही, बदलतात. पण तू त्यांना बदलायच्या इराद्याने बसलास की राजकारण बाजूलाच राहतं आणि वेगळंच भांडण सुरू होतं. तुला म्हणायचं असतं, मी आता मोठा झालोय, माझ्याही मताला किंमत द्या. त्यांना ऐकू येतं, तुमच्या विचारांत खोट आहे, म्हणजे तुम्ही मला वाढवलंत त्यातही खोट होती. कर किती असावेत, सरकारने कुठे हात घालावा, कुठे घालू नये, हे सगळं त्यात वाहून जातं. मोठेपणाची पावती तुला हवी असते, आणि वाढवल्याची पावती त्यांना. दोघंही ती एकमेकांकडूनच मागता, आणि तीसुद्धा ओरडून.

तू आश्चर्याने लिहिलंयस, 'आमच्याकडे लहानपणापासून राजकारणावर गप्पा व्हायच्या, बाबा मला पेपर वाचून दाखवायचे, तरी मी इतका वेगळा कसा निघालो?' मला यात आश्चर्य वाटत नाही. अमेरिकेत १९६५ साली मिशिगन विद्यापीठाच्या केंट जेनिंग्ज यांनी शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या वेगवेगळ्या मुलाखती घेतल्या. पुढे १९७३ आणि १९८२ मध्ये त्याच माणसांना परत गाठलं. त्यातून एक दिसलं की कुठला पक्ष आपला वाटतो, हे मुलं बऱ्यापैकी घरातून घेतात, पण एकेका प्रश्नावरची मतं फारशी जुळत नाहीत. नंतर २०१४ साली एलियास दिनास या अभ्यासकाने याहून पुढची गोष्ट मांडली. ज्या घरांत राजकारणावर भरपूर बोललं जातं, तिथली मुलं लहानपणी आईवडिलांची मतं पटकन उचलतात, आणि घराबाहेर पडल्यावर ती सोडून देण्याची शक्यताही त्यांच्यातच जास्त असते. कारण त्यांना विषयाची गोडी लागलेली असते. बाहेर नवी माणसं भेटतात, नवे वाद कानावर पडतात, आणि ही मुलं त्यात उतरतात. ज्याच्या घरी कधी विषयच निघाला नाही, तो बाहेर गेल्यावरही त्या वादांच्या वाटेला जात नाही.

म्हणजे पेपर वाचून दाखवणाऱ्या बाबांनीच तुला हे दिलं. तुझं वेगळं मत ही त्यांच्या वाढवण्यातली खोट नाही, त्या वाढवण्याचंच फळ आहे. हे तू त्यांना कधी सांगितलं आहेस का? वादात नव्हे, एरवी. 'तुम्ही पेपर वाचून दाखवायचात म्हणून मला या सगळ्यात रस आला,' एवढंच. मला वाटतं, तुझ्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा या एका वाक्याची त्यांना जास्त गरज आहे.

आता थोडं कडू बोलते. तुझ्या पत्रात 'ब्रेनवॉश' हा शब्द परत परत आला आहे. त्यांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं आहे, आणि तुझं मात्र तू विचार करून ठरवलं आहेस, असा त्याचा अर्थ होतो. १९३० च्या दशकात थिओडोर न्यूकम यांनी अमेरिकेतल्या बेनिंग्टन या मुलींच्या कॉलेजात एक अभ्यास केला. मुली बहुतेक सधन, परंपरावादी घरांतल्या होत्या आणि शिक्षक बरेचसे पुरोगामी. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी पहिल्या वर्षाच्या ६२ टक्के मुली रिपब्लिकन या परंपरावादी पक्षाचे उमेदवार लँडन यांच्या बाजूने होत्या, तर वरच्या दोन वर्गांत हे प्रमाण १५ टक्के होतं. सोबत बदलली, मान कशाला मिळतो ते बदललं, आणि मतं बदलली. न्यूकम यांनी पुढे १९६० च्या सुमारास त्याच बायकांना पुन्हा गाठलं, तेव्हा बहुतेकींनी ती मतं टिकवलेली होती, आणि त्यात नवरा कसा मिळाला, मैत्रिणी कोण होत्या, याचा मोठा वाटा होता.

याचा अर्थ त्यांची मतं खोटी होती असा नाही. तुझीही नाहीत. चांगल्या सोबतीत माणूस चांगल्या विचारापर्यंत पोहोचतो, आणि मग तो विचार त्याचाच असतो. पण तुझी मतं सोबतीतून आली तरी ती तुझी, आणि बाबांची मात्र त्यांच्या सोबतीतून आली म्हणून भरवलेली, असं कसं चालेल? तो शब्द सोड. त्याच्या पुढे बोलणं जातच नाही.

मग बोलायचं काय? त्यांचं मत खोडण्याआधी ते मत कसं तयार झालं हे विचार. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ साली पिढ्यांबद्दल लिहिताना म्हटलं होतं की ऐन तारुण्यात माणूस जे भोगतो त्यातून त्याची जगाकडे बघण्याची मूळ नजर घडते, आणि नंतरचे अनुभव तो त्याच नजरेने जोखतो. तुझे बाबा वीस-बावीस वर्षांचे असताना त्यांच्याभोवती काय चाललं होतं? कशाची टंचाई होती, कुणाची भीती होती, कुणी त्यांना शब्द देऊन फिरवला होता? खरं सांग, तुला यातलं किती ठाऊक आहे?

माझ्या ओळखीची एक मुलगी कामगार संघटनेत काम करते. तिच्या वडिलांना संप हा शब्द ऐकला तरी संताप यायचा. वर्षानुवर्षं ती त्यांना कामगार कायदे समजावत राहिली, आणि ते पेपर उघडून तोंडासमोर धरत राहिले. एकदा तिने कायदा बाजूला ठेवला आणि विचारलं, 'तुम्ही माझ्या वयाचे होतात तेव्हा घरात काय चाललं होतं?' त्यांनी पेपर खाली ठेवला. त्यांच्या वडिलांच्या कारखान्यात संप झाला होता. महिनोन्‌महिने पगार नव्हता. घरी थोरला म्हणून यांनी कॉलेज सोडलं आणि मिळेल ती नोकरी धरली. पुढाऱ्यांनी एका रात्रीत तडजोडीवर सह्या केल्या आणि वडिलांना परत कामावर घेतलंच नाही. हे तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर ना तिला संप चुकीचा वाटायला लागला, ना त्यांना आवडायला लागला. पण थोड्या दिवसांनी त्यांनी तिला विचारलं, 'तुमच्या संपात ज्यांच्या घरी पैसे येत नाहीत, त्यांचं तुम्ही काय करता?' आणि तिला कबूल करावं लागलं की यावर संघटनेने पुरेसा विचार केलेला नाही. तिच्या कामातला तो सगळ्यात उपयोगाचा प्रश्न होता, आणि तो संघटनेतल्या कुणालाही सुचला नव्हता.

म्हणून ऐकायला सांगतेय. त्यांना बरं वाटावं एवढ्यासाठी नाही, त्यांच्याकडे तुझ्या बाजूला नसलेली काही माहिती असते म्हणून.

डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काला या दोघांनी २०१६ साली अमेरिकेतल्या मायामीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. कार्यकर्ते दारोदार जाऊन तृतीयपंथी व्यक्तींबद्दल साधारण दहा मिनिटं बोलायचे. समोरच्याला त्याचे स्वतःचे अनुभव आठवायला सांगायचे आणि त्याला दोष न देता ऐकायचे. पूर्वग्रह थोडे कमी झाले आणि तो फरक तीन महिन्यांनीही दिसत होता. हे वाचून तुला वाटेल, चला, हत्यार मिळालं. तसं करू नकोस. दारात आलेल्या अनोळखी माणसाचा डाव समोरच्याला कळत नाही, पण आईवडिलांना आपल्या मुलाचा गोड झालेला आवाज पहिल्या वाक्यातच कळतो. खरंच जाणून घ्यायचं असेल तेव्हाच विचार, नाहीतर गप्प बस. गप्प बसणंही चालतं.

कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाबद्दल थोडक्यात सांगते. तिथे कुणाचंही काही खोडू नकोस. बाबांनी पुढे पाठवलेलं खोटं असेल तर खोटं म्हणायलाच हवं, विशेषतः त्यातून कुणाविरुद्ध द्वेष पसरत असेल तर. पण ते त्यांना एकट्यांना फोन करून सांग. सगळ्या नातेवाइकांसमोर चूक मान्य करणं तुलाही जमणार नाही.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या गोष्टीने मला खरंच अस्वस्थ केलं, तिच्याकडे येते. तू सगळीकडे 'आईबाबांचं मत' असं लिहिलं आहेस. आईचं मत तेच आहे, हे तुला कुणी सांगितलं? सांगितलं असेल तर बाबांनीच. क्रिस्टोफर ओहेडा आणि पीटर हातेमी यांनी २०१५ मध्ये अमेरिकन कुटुंबांच्या माहितीवरून दाखवलं की निम्म्याहून जास्त मुलं आईवडिलांचा पक्ष एकतर चुकीचा समजतात किंवा तो स्वीकारत नाहीत. ज्यांच्या मताशी आपण भांडतो ते मत नक्की काय आहे, हेच अनेकांना धड माहीत नसतं. आणि घरात जी व्यक्ती वाद सुरू झाला की मध्ये पडून विषय बदलते, तिच्या मताबद्दल तर कुणालाच काही माहीत नसतं.

मतदान गुप्त असतं त्यामागे मोठा इतिहास आहे. पूर्वी अनेक देशांत मत मोठ्याने सांगून द्यावं लागायचं. जमीनदार, मालक ऐकत उभे असायचे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी १८५६ साली छापील मतपत्रिकेवर गुप्त मतदान सुरू केलं, ब्रिटनमध्ये ते १८७२ मध्ये आलं. मालकापासून मिळालेलं ते संरक्षण घरातल्या माणसांपासूनही आहे. तुझ्या आईलाही आहे. ती वेगळं मत देत असेल, आणि ते कुणालाही न सांगणं हा तिचा हक्क आहे. तिला मत कुणाला दिलंस असं विचारू नकोस. तुला या सगळ्यात कशाची काळजी वाटते, असं विचार. बाबा घरात नसताना विचार, आणि ती जे बोलेल ते पुढच्या वादात पुरावा म्हणून वापरू नकोस. 'आईलासुद्धा असंच वाटतं' असं एकदा जरी तुझ्या तोंडून गेलं, तरी ती पुन्हा तुझ्यापाशी बोलणार नाही.

ते संरक्षण तुझ्यासाठीही आहे, हे विसरू नकोस. मत कुणाला दिलं हे जेवायला बसल्यावर जाहीर करण्याचं बंधन तुझ्यावर नाही.

एक रेषा मात्र ठरवून ठेव. सरकारने काय करावं यावर मतभेद असणं एक, आणि तुझ्यासमोर तुझ्या जोडीदाराच्या जातीचा, धर्माचा, रंगाचा पाणउतारा होणं हे पूर्ण वेगळं. दुसऱ्या प्रकाराला राजकीय मतभेद म्हणून खपवून घेऊ नकोस. तिथे कुतूहल दाखवायची गरज नाही, इतिहास विचारायची गरज नाही. 'माझ्यासमोर असं बोललेलं मला चालणार नाही' एवढं म्हण आणि उठ. आवाज चढवू नकोस, पण वाक्य अर्धवटही सोडू नकोस. तुझा जोडीदार त्या वेळी तुझ्याकडे बघत असेल.

आणि तुझ्या त्या मित्राला, जो अजून घरच्यांच्याच पैशावर शिकतो आणि त्याच्या विचारांमुळे घराबाहेर काढण्याची धमकी ऐकतो, त्याला माझ्याकडून सांग की आपली मतं आत्ताच उघड करायचं कुठलंही कर्तव्य त्याच्यावर नाही. स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत तो गप्प राहिला तर तो भित्रा ठरत नाही. धीटपणाच्या गोष्टी सांगणारे त्याच्या फीचे पैसे भरणार नाहीत.

संबंध तोडावेत का, असंही तू शेवटच्या ओळीत विचारलंयस. काही घरांत तोडावे लागतात, जिथे माणसाचा रोज अपमान होतो तिथे. तू जे लिहिलं आहेस त्यावरून तुझं घर तसं नाही. तुझे बाबा चिडतात, पण तू पाठवलेला लेख पूर्ण वाचून चिडतात, आणि चौथ्या परिच्छेदावर आक्षेप घेतात. असा वाचक तुला बाहेर सहज मिळणार नाही. तेव्हा हा निर्णय प्रचाराच्या दिवसांत तर घेऊच नकोस. त्या दिवसांत सगळ्यांच्याच कानावर सकाळ-संध्याकाळ भडकवणारं येत असतं, तुझ्यासुद्धा.

निकालाच्या दिवशी घरी जायचं टाळ. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी जा, मुक्कामाला जा. बाबांना त्यांच्या विशीबद्दल विचार, आणि बोलणं रंगलं तर मध्ये तुझा मुद्दा घुसवू नकोस, तो पुढच्या खेपेला सांगता येईल. आईशी बोलणं झालं तर ती काय म्हणाली ते मला सांगू नकोस, फक्त बोललास एवढं कळव.

तुझी,
मावशी