रीबिल्डिंगमध्ये असलेल्या बास्केटबॉल टीमचा कोच चांगला आहे की नाही हे कसं ओळखायचं?

प्रश्नात तुम्ही डेट्रॉइट पिस्टन्सचं उदाहरण दिलंय, की एका सीझनमध्ये सलग २८ मॅच हरलेली टीम, कोच बदलला आणि पुढच्याच वर्षी प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत), मग हे सगळं कोचमुळेच झालं का. त्यावर येतोच, पण आधी ब्रुकलिन नेट्सबद्दल लिहितो, कारण कोचची खरी किंमत काढायची तर एनबीएमध्ये त्याच्याइतकी स्वच्छ केस मला दुसरी दिसत नाही.

अडचण काय असते बघा. रीबिल्डिंग करणारी टीम बहुतेक वेळा हरायलाच बसलेली असते. मॅनेजमेंट चांगले अनुभवी खेळाडू विकून टाकतं, पोरांना खेळवतं, कारण जेवढं तळाला जाल तेवढा ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक फेरीत, वरचा पिक (निवडीचा नंबर) मिळायचा चान्स जास्त. अशा टीमचा कोच २० मॅच जिंकला काय आणि २५ जिंकला काय, त्या आकड्यावरून त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. उलट जास्त जिंकला तर ऑफिसातलेच लोक मनातून नाराज होतात.

नेट्सचं तसं नव्हतं. २०१३ मध्ये त्यांनी बोस्टनकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स घेतले, दोघंही करिअरच्या उतारावर, आणि बदल्यात २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या राउंडचे पिक दिले, वर २०१७ ला पिक अदलाबदल करायचा हक्कही दिला. म्हणजे नेट्स जेवढे हरणार तेवढा फायदा बोस्टनचा. जेलन ब्राउन त्यातूनच बोस्टनला मिळाला, आणि २०१७ चा पहिल्या नंबरचा पिकसुद्धा, जो फिलाडेल्फियाला देऊन ते तिसऱ्या नंबरवर आले आणि टेटमला घेतलं. आता अशा टीमवर २०१६ मध्ये केनी ॲटकिन्सन कोच म्हणून आला. हरण्यात फायदा नाही, वरचा पिक नाही, कुठला मोठा स्टार यायला तयार नाही. हातात आलेल्या माणसांना सुधारायचं एवढा एकच रस्ता. पहिल्या वर्षी २०-६२ (२० जिंकल्या, ६२ हरल्या), लीगमध्ये सगळ्यात खराब. दुसऱ्या वर्षी २८-५४. तिसऱ्या वर्षी, २०१८-१९ ला, ४२-४० आणि प्लेऑफ.

पण मी तुम्हाला सांगेन की त्या ४२ पेक्षा पहिल्या वर्षीच्या २० विजयांत डोकवा. ब्रूक लोपेझ तेव्हा नेट्सचा सेंटर होता, सात फुटांचा, बास्केटजवळ उभं राहून पोस्टमधून खेळणारा. ॲटकिन्सन यायच्या आधी आठ सीझनमध्ये मिळून त्याने एकूण ३१ थ्री (लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट) मारले होते आणि त्यातले ३ बास्केटमध्ये गेले होते. ॲटकिन्सनच्या पहिल्याच सीझनमध्ये त्याने ३८७ मारले आणि १३४ घातले. टीम ६२ मॅच हरली त्या वर्षात हे झालं, म्हणजे स्कोअरबोर्ड बघणाऱ्याला दिसलंही नसेल. पुढच्या उन्हाळ्यात नेट्सनी त्याला लेकर्सला ट्रेड केलं (डिअँजेलो रसेल त्या ट्रेडमध्ये आला), आणि नंतर तोच लोपेझ लांबून थ्री मारत मिलवॉकीबरोबर २०२१ ला चॅम्पियन झाला. कोचने दिलेली वस्तू दुसऱ्याच टीमच्या खात्यात जमा झाली, आणि म्हणूनच फक्त जय-पराजय मोजून कोच मोजता येत नाही असं मी इतक्या जोरात म्हणतोय.

जो हॅरिसचं बघा. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या राउंडला क्लीव्हलँडने घेतला, २०१६ च्या जानेवारीत ओरलँडोला ट्रेड केला आणि ओरलँडोने लगेच सोडूनच दिला. नेट्सनी उचलला, आणि २०१८-१९ मध्ये थ्रीची टक्केवारी ४७.४, लीगमध्ये पहिला, त्याच सीझनच्या थ्री पॉइंट कॉन्टेस्टच्या फायनलमध्ये स्टेफ करीला हरवलं. स्पेन्सर डिनविडी तर गंमत म्हणजे डेट्रॉइटनेच ड्राफ्ट केलेला, तिथून शिकागो, तिथूनही बाहेर, २०१६ च्या डिसेंबरला नेट्सनी त्याला डी-लीगमधून (एनबीएच्या खालच्या डेव्हलपमेंट लीगमधून) आणलं आणि तीन वर्षांनी तो २० च्या वर ॲव्हरेज करत होता. कॅरिस लेव्हर्ट २० वा पिक, जॅरेट ॲलन २२ वा पिक. हे लॉटरीतले (ड्राफ्टच्या अगदी वरच्या पिकमधले) नव्हेत, दुसऱ्यांचं जेवण झाल्यावर ताटात उरलेले खेळाडू आहेत.

तर माझं मोजमाप हेच आहे. रीबिल्डिंग टीमचा कोच बघायचा तर पहिल्या-दुसऱ्या नंबरच्या पिकवर जास्त लक्ष देऊ नका, तो पोरगा बहुतेक कुठेही गेला असता तरी सुधारला असता. फुकटात आलेले, दुसऱ्यांनी सोडलेले, ड्राफ्टच न झालेले असे तीन-चार जण निवडा आणि दोन वर्षांनी ते कुठे आहेत ते बघा. लीगमध्ये टिकलेत का, दुसरी टीम त्यांच्यासाठी पैसे मोजायला तयार आहे का. ब्रेट ब्राउनची फिलाडेल्फिया १९-६३, १८-६४, १०-७२ अशी खाली खाली गेली, लोक त्याला नावं ठेवत होते, पण त्याच वर्षांत ड्राफ्ट न झालेला रॉबर्ट कव्हिंग्टन तिथे उभा राहिला आणि २०१८ ला ऑल डिफेन्सिव्ह फर्स्ट टीममध्ये गेला, आणि टी. जे. मॅकॉनेल, तोही ड्राफ्ट न झालेला, २०२५ च्या फायनलमध्ये इंडियानासाठी बेंचवरून येऊन मॅच फिरवत होता. १०-७२ वाल्या टीममधला माणूस! अर्थात यात सगळं श्रेय हेड कोचचं नसतं हे मान्य, डेव्हलपमेंटचे असिस्टंट असतात, नेट्सच्या शॉन मार्क्ससारखा जनरल मॅनेजर योग्य माणूस शोधून आणतो, आणि खेळाडू स्वतः पहाटे उठून शूटिंग करतो. पण त्या पोराला मॅचमध्ये चुका करू द्यायच्या का, पाच थ्री चुकल्यावर सहावा मारू द्यायचा का, हे शेवटी हेड कोचच ठरवतो, आणि तिथेच अर्धी लढाई असते.

दुसरी गोष्ट, मॅच प्रत्यक्ष बघणार असाल तर वीस पॉइंटने मागे असलेला चौथा क्वार्टर बघा. लोक तेव्हा टीव्ही बंद करतात, मी तेव्हा नीट बसतो. मी संध्याकाळी शाळेच्या पोरांना कोर्टवर शिकवतो, तिथे रोज दिसणारी गोष्ट सांगतो. शूटरकडे धावत जायचं असतं त्याला क्लोजआउट म्हणतात, त्यात शेवटची दोन-तीन पावलं बारीक टाकायची, गुडघे वाकलेले, हात वर, म्हणजे त्याने शॉटही घ्यायचा नाही आणि बाजूने ड्रिबल करत निसटायचंही नाही. पोरं दमली किंवा मॅच गेली असं मनात आलं की सगळ्यात आधी हेच जातं. पाय सरळ होतात आणि लांबूनच नुसता हात हलवतात, बाकी पळणंबिळणं तसंच चालू असतं त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला कळतही नाही. एनबीएतसुद्धा अगदी हेच होतं. हरलेल्या मॅचच्या शेवटच्या सहा मिनिटांत बेंचवरची पोरं बारीक पावलं टाकून क्लोजआउट करत असतील तर समजा की त्या कोचचं तिथे ऐकलं जातंय.

ओक्लाहोमा सिटी थंडर आठवा. मार्क डेग्नॉल्टला २०२० ला हेड कोच केलं तेव्हा बाहेर कुणाला त्याचं नावही माहीत नव्हतं, त्याच फ्रँचायझीच्या डेव्हलपमेंट लीगच्या टीमचा तो आधी पाच वर्षं कोच होता. पहिलं वर्ष २२-५०, दुसरं २४-५८, आणि त्या दुसऱ्या वर्षात २ डिसेंबर २०२१ ला मेम्फिसकडून १५२-७९, म्हणजे ७३ पॉइंटने हरले, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव. टीमचा स्टार शे गिल्जस-अलेक्झांडर त्या दिवशी खेळला नव्हता. त्या रात्रीचा स्कोअर बघून कुणी कोचला काढा म्हटलं असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण त्या दोन वर्षांत टीम खेळत कशी होती? पाचही जण बॉल हाताळायचे, ड्राइव्ह करून आत जायचं आणि बाहेर पास द्यायचा, सेंटरनेसुद्धा. शॉट जात नव्हते ही गोष्ट वेगळी. पुढे ४०-४२, मग ५७-२५, मग २०२४-२५ ला ६८-१४ आणि चॅम्पियनशिप, आणि खेळायची पद्धत तीच, फक्त माणसं चांगली झाली. आता शे हा २०१९ च्या पॉल जॉर्जच्या ट्रेडमधून आला, ते श्रेय जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टीचं, ते कोचला द्यायचं नाही. पण लू डॉर्ट ड्राफ्टच झाला नव्हता, ॲरन विगिन्स ५५ वा पिक, आयझाया जोला फिलाडेल्फियाने सोडून दिलं होतं, आणि तिघंही चॅम्पियन टीमच्या रोटेशनमध्ये (नेहमी खेळवल्या जाणाऱ्या खेळाडूंत) होते. परत तेच, फुकटातली माणसं.

आता डेट्रॉइट. पहिली गोष्ट म्हणजे त्या २८ पराभवांच्या वेळचा कोच मॉन्टी विल्यम्स काही वाईट कोच नव्हता. फिनिक्स १९-६३ होती तेव्हा तो तिथे गेला, दोन वर्षांत २०२१ च्या फायनलपर्यंत नेली, २०२२ ला कोच ऑफ द इयर झाला. म्हणूनच पिस्टन्सनी त्याला सहा वर्षांचे ७.८५ कोटी डॉलर कबूल केले. आणि मग १४-६८. शूटिंग नावाला नव्हतं, शूटर बोगदानोविच सुरुवातीला जखमी होता, टीमचा मुख्य खेळाडू केड कनिंगहॅमने बॉल घेऊन आत जावं तर समोर तीन जण उभे कारण बाहेर कुणाला धरायची गरजच नव्हती. हे मॅनेजमेंटचं. पण २०२२ चा पाचवा पिक जेडन आयव्ही याला सीझनच्या सुरुवातीला बेंचवर बसवलं आणि त्याच्या जागी किलियन हेज स्टार्ट करायचा, ज्याला फेब्रुवारीत टीमने सोडूनच दिलं, हे मात्र कोचचं. रीबिल्डिंगमध्ये मिनिटं हेच तुमच्याकडचं भांडवल असतं, ते कुणावर खर्च करता यावर मी कोचला सगळ्यात कडक मार्क देतो, आणि इथे विल्यम्स नापास झाला असं माझं स्पष्ट मत आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात जनरल मॅनेजरही गेला आणि कोचही गेला, जे. बी. बिकरस्टाफ आला, आणि सोबत टोबियस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर आले. बीझलीने त्या सीझनमध्ये ३१९ थ्री घातले, डेट्रॉइटचा रेकॉर्ड. ४४-३८ झाले, आदल्या वर्षीच्या तिप्पटपेक्षा जास्त विजय, असं एनबीएत आधी कुणी केलं नव्हतं. केडला आत जायला जागा मिळाली ती या शूटर लोकांमुळे, त्यामुळे अटॅक सुधारला त्यातला मोठा वाटा मी नव्या मॅनेजमेंटला देईन. पण डिफेन्सचं काय? बीझली आणि हार्डवे हे काय डिफेन्ससाठी ओळखले जाणारे खेळाडू नाहीत, तरी तळाच्या टीममध्ये मोजला जाणारा डिफेन्स लीगच्या वरच्या अर्ध्यात आला. आयझाया स्टुअर्टला बेंचवरून आणून रिम (बास्केटची कडी) सांभाळायला लावलं, ऑसर थॉम्पसनला समोरच्या सगळ्यात चांगल्या माणसाच्या अंगावर सोडलं, आणि कुणाचं काम काय ते रोज बदललं नाही. १ जानेवारीला आयव्हीचा पाय मोडला, उरलेला सीझन तो बाहेर, तरी टीम ढासळली नाही, उलट त्यानंतर हरल्या त्यापेक्षा जास्त मॅच जिंकल्या. हे मला कोचचं काम वाटतं. न्यूयॉर्ककडून पहिल्या राउंडमध्ये ४-२ हरले पण ते दोन विजय २००८ नंतरचे त्यांचे पहिलेच प्लेऑफ विजय होते.

अजून एक, कारण लोक हे नेहमी बोलतात की हा रीबिल्डिंगपुरताच चांगला, जिंकायची वेळ आली की बदला. बिकरस्टाफला क्लीव्हलँडने तसंच काढलं होतं, २२ वरून ४४ आणि मग ५१ विजयांपर्यंत नेल्यावर, ४८-३४ च्या सीझननंतर. आणि त्याच्या जागी कोण आला तर ॲटकिन्सन, ज्याला २०२० च्या मार्चमध्ये, ड्युरांट आणि कायरी हे मोठे स्टार आल्यावर, ब्रुकलिनमधून जावं लागलं होतं, आणि त्यालाही हेच लेबल लागलेलं. क्लीव्हलँडमध्ये जवळपास तीच माणसं घेऊन त्याने ६४-१८ केलं, कोच ऑफ द इयर झाला, आणि सेंटर कोण तर तोच जॅरेट ॲलन, ज्याला त्याने ब्रुकलिनमध्ये १९ व्या वर्षी हाताखाली घेतलं होतं. त्यामुळे त्या लेबलवर माझा अजिबात विश्वास नाही.

किती वेळ द्यायचा विचाराल तर मी दोन पूर्ण सीझन देईन. पहिल्या वर्षी फक्त मिनिटं कुणाला मिळतायत आणि शेवटच्या क्वार्टरला पाय वाकतायत का एवढंच बघायचं, जय-पराजयाचं टेबल उघडायचं पण नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ती निवडलेली तीन-चार नावं काढायची. त्यातला एकही जण पुढे सरकलेला नसेल आणि तुमचा वरचा पिक अजून महिन्या-महिन्याला वेगळ्या पोझिशनवर खेळत असेल, तर टीम २० जिंकलेली असो की ३५, तो कोच मी बदलेन.