आधी आरसीवरचा बोजा बघा, मग मिस्तरीकडे जा

तुमची पोस्ट वाचली आणि २०२३ सालचा मीच डोळ्यांसमोर आलो. २०१४ ची डिझेल गाडी, काळा धूर, पुलावर चढताना ओढ नाही, मिस्तरीचं एस्टिमेट ८५ हजार. जुन्या गाड्यांचा बाजारवाला आहे तशी १ लाख ६० ला मागतोय, कर्ज मागच्या वर्षी फिटलंय, आणि आता दुरुस्त करून विकू की तशीच देऊन टाकू असं विचारताय. माझी २०१३ ची होती, बाकी सगळं हेच. मॉडेलचं नाव लिहीत नाही, उगाच तिचे भक्त अंगावर येतात.

मी मिस्तरी नाही, आरटीओ एजंटही नाही. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. इंजिनाबद्दल चुकलो तर जाणकारांनी सांगावं, पैशाबद्दल मात्र ठाम बोलणार.

तुम्ही पोस्टमध्ये एक गोष्ट लिहिलेलीच नाही. आरसीवरची एचपी (हायपोथिकेशन, म्हणजे फायनान्सवाल्याच्या कर्जाची नोंद, तोच बोजा) उतरवली का? कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरत नाही, आणि माझी सगळी वाट तिथेच लागली.

माझा शेवटचा हप्ता नोव्हेंबर २०२१ मध्ये गेला. एनओसी, म्हणजे फायनान्सवाल्यांचं ना-हरकत पत्र, पोस्टाने घरी आली, मी ती कपाटात चादरींखाली ठेवली. तिच्यावर तीन महिन्यांची मुदत छापली होती, ती वाचलीच नाही. एप्रिल २०२३ ला अशोक चौकातला एकजण २ लाख ५ हजारांना आहे तशी गाडी उचलायला तयार झाला. म्हणाला, फक्त एचपी उतरवून आणा. कपाटातला कागद काढला तर तो केव्हाच बाद.

फायनान्सवाल्यांच्या इथल्या शाखेत गेलो. (नाव लिहीत नाही, कटकट नको.) "सर, सिस्टीमला क्लोज दिसतंय, एनओसी हेड ऑफिसहून येईल." हे वाक्य मी सात शनिवार ऐकलं. तक्रार कुठे करायची विचारलं तर टोल फ्री नंबर, तिथे विचारलं तर शाखेत जा. आठव्या आठवड्यात कागद आला, त्यात चेसिस नंबरचा एक आकडा चुकलेला. आरटीओतून परत. चूक त्यांची, पण अर्ज पुन्हा मीच करायचा!

मग गाडी नुसती उभी कशाला ठेवायची, दुरुस्त केली तर भाव वाढेल, असं वाटून मी मधल्या काळात ती गॅरेजला टाकली. चारही नोझल (इंजिनात डिझेल फवारतात ते) ५२ हजार, टर्बो २४, क्लच आणि फ्लायव्हील ३८. एकूण १ लाख १४ हजार. क्लचसाठी गाडी उघडल्यावर कळलं की इंटरकूलरचा (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करतो तो) रबरी पाइप फाटला होता. धूर येण्याचं आणि ओढ जाण्याचं खरं कारण बहुधा तेच. पाइप दोन हजारांच्या आत आला.

एवढं करून जूनमध्ये पंढरपूरची पार्टी आली, २ लाख ३० हजार. म्हणजे १ लाख १४ घालून भाव वाढला २५ हजारांनी. घेणारा मॉडेलचं साल, किलोमीटर आणि तुम्ही कितवे मालक ते बघतो, नवे नोझल त्याला दिसत नाहीत. दहा हजार इसार दिला होता त्याने, पण आषाढीआधी गाडी दारात हवी होती. दुसरी एनओसी जुलैच्या मध्याला आली. इसार परत केला.

विम्याची चूक तर संपूर्ण माझी. मे महिन्यात विमा संपला, म्हटलं नवा मालक भरेल. नव्वद दिवस उलटले आणि ३५ टक्के एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकली तरी पुढच्या गाडीला लावता आला असता. उन्हात उभी राहून बॅटरीही बसली. पुढे अधिक श्रावण, मग पितृपक्ष, गाडी बघायला कुणी येईना. शेवटी पितृपक्षातच १ लाख ७५ ला दिली.

म्हणून माझं मत (मतच आहे, गाडी तुमची, पैसा तुमचा): एचपी उतरली असेल तर ८५ हजार घालू नका, १ लाख ६० घ्या, फार तर पाच-दहा हजार ओढून बघा. उतरली नसेल तर आजच एनओसी मागा. ती हातात पडली की चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा, एचपी उतरवायचा फॉर्म ३५ भरा, तोवर गॅरेजची पायरी चढू नका. फार तर इंटरकूलरचे पाइप आणि एअर फिल्टर तपासून घ्या. धूर लपवून देणारेही भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. घेणारा सोलापूरचाच असला तर सात रस्ता चौकात रोज समोर येईल.

बाजारवाल्याला देताना मालकी बदलायच्या कोऱ्या फॉर्म २९-३० वर सह्या करून मोकळे होऊ नका. तो अधिकृत डीलर असेल तर गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याचा फॉर्म २९सी परिवहनच्या साइटवर भरून घ्या. नाहीतर गाडी सहा महिने तुमच्याच नावावर फिरते. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगितलंय की अपघात झाला तर नोंदीवर ज्याचं नाव तोच मालक. माझ्या मेव्हण्याला आजही विकलेल्या गाडीची चलनं येतात, पण ते रामायण वेगळं.

आरसीचा फोटो नंबर झाकून टाका, एचपीची ओळ दिसू द्या. एस्टिमेटचा कागदही टाका, मला त्यातला नोझलचा रेट बघायचाय.