दुसऱ्या मॉनिटरवर कर्सर अडखळतो

प्रश्न : मी फोंड्याला घरूनच आर्किटेक्टचं काम करते. जुन्या घरांची दुरुस्ती, बंगल्यांचे नकाशे. नकाशांना ऑटोकॅड आणि त्रिमितीय चित्रांना थोडं स्केचअप. गेल्या महिन्यात २७ इंची दोन ४के मॉनिटर घेतले. पीसी सहा वर्षांचा, बारक्या कॅबिनेटचा, त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एक मॉनिटर छान चालतो, दुसऱ्यावर कर्सर अडखळत सरकतो. दुकानदार म्हणतो, १२ जीबीचं गेमिंग कार्ड घ्या आणि कॅबिनेटही बदला. एवढं खरंच लागेल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, एवढं लागणार नाही. छोटं कार्ड पुरेल, कॅबिनेट तेच राहील. आधी पीसीच्या मागे वाकून बघा. मॉनिटर जोडायच्या दोन प्रकारच्या खाचा दिसतील. एक केबल डिस्प्लेपोर्टला असेल, दुसरी एचडीएमआयला, आणि अडखळणारा मॉनिटर बहुतेक एचडीएमआयचाच निघेल. त्या वयाच्या बऱ्याच मदरबोर्डांवर, म्हणजे पीसीच्या मुख्य सर्किट बोर्डांवर, एचडीएमआय १.४ असतं. ते ४के चित्र सेकंदाला फार तर ३० वेळा बदलतं. डिस्प्लेपोर्ट १.२ तेच काम ६० वेळा करतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन्ही मॉनिटरचा रिफ्रेश रेट, म्हणजे हाच सेकंदाचा आकडा, पाहिलात की लगेच कळेल.

हा त्रास मी स्वतः काढला आहे. म्हापशाच्या माझ्या टेबलासाठी एक स्वस्त कार्ड आणलं होतं, खोक्यावर ४के असं ठळक छापलेलं. रेष ओढली की कर्सर हाताच्या मागे राही, भिंतीचा कोपरा पकडायला दोन-दोनदा क्लिक करावं लागे, संध्याकाळी डोळे चुरचुरत. माउस बदलला, ड्रायव्हर बदलला. शेवटी खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सापडलं : ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३० वेळा. तेव्हापासून कुणीही विचारलं तरी मी आधी पोर्ट बघायला सांगतो, जीबी नंतर.

कारण नुसत्या पडद्यांना मेमरी फार लागतच नाही. एका ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके, प्रत्येकाला ४ बाइट. म्हणजे एक चित्र साधारण ३३ एमबी, दोन्ही मिळून ६६. मेमरी खातं ते स्केचअपमधलं कौलांचं, चिऱ्यांचं टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेलं चित्र. तुमच्या कामाला ४ जीबी चालेल, ८ असेल तर निश्चिंत.

दुसरी अडचण जागेची आणि विजेची. बारक्या कॅबिनेटला अर्ध्या उंचीचं, म्हणजे लो प्रोफाइल कार्डच बसतं. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, तेव्हा वेगळी पॉवर केबल न लागणारं कार्ड निवडा. एनव्हीडिया कंपनीच्या टी१००० चं ८ जीबीवालं कार्ड ५० वॅटमध्ये भागतं आणि त्याला चार मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत. फक्त ऑटोकॅडचे सपाट नकाशे असते, तर टी४०० चं ४ जीबीवालंही पुरलं असतं : ३० वॅट, तीन पोर्ट. तुम्ही स्केचअप वापरता म्हणून माझं मत टी१००० ला.

घेताना खोक्यात कार्ड कॅबिनेटला अडकवायची अर्ध्या उंचीची पट्टी आहे ना, हे उघडून बघा. ती नसेल तर कार्ड घरी आणूनही बसणार नाही. मॉनिटरला मिनी डिस्प्लेपोर्ट ते डिस्प्लेपोर्ट अशीच केबल लावा. एचडीएमआयचा साधा अ‍ॅडॅप्टर लावलात तर पुन्हा ३० वर अडकण्याची भीती आहे. आणि दोन्ही केबल नव्या कार्डालाच जोडा. एक मदरबोर्डवर तशीच राहून गेलेली मी कितीतरी घरांत पाहिली आहे.

आपल्याकडच्या पावसाळ्याबद्दलही सांगतो. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कार्डाच्या सोनेरी कडेवर मळकट थर धरतो आणि एक दिवस पडदा काळाच राहतो. घाबरू नका. वीज पूर्ण बंद करून कार्ड काढा, पांढऱ्या खोडरबराने ती कड हलकेच पुसा, कण झटका आणि कार्ड पुन्हा घट्ट बसवा. पीसी खिडकीखाली मात्र ठेवू नका.

कार्ड दुकानातच बसवून घ्या. एक मॉनिटर सोबत न्या, दोन पोर्टवर आलटून पालटून लावा आणि दोन्हीकडे ६० हर्ट्झ दिसल्यावरच पैसे द्या.